शाल, श्रीफळ आणि सिमेंट

अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर ते वाक्य होतं. मोरेश्वर काळोखेने ते चहा पिता पिता वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि शेवटी बायकोला, नीलाला, मराठी करून ऐकवलं. नदीकाठच्या दगडी भिंतीची आणि पायऱ्यांची आजची दुरवस्था ही मंदीच्या काळात मदतकार्यावर घेतलेल्या अकुशल मजुरांच्या हलक्या कामामुळे झाली आहे. सबब हे बांधकाम पाडून तिथे काँक्रीटची भिंत उभारावी.

"म्हणजे खापर त्यांच्या डोक्यावर," नीला कणीक मळता मळता म्हणाली. "आणि तुम्ही काय म्हणताय?"

मोरेश्वर काहीच म्हणाला नाही. या बाबतीत तो गेली नऊ वर्षं काहीच म्हणत नव्हता.

कारण ती भिंत त्या मजुरांनी बिघडवलीच नव्हती. ती मोरेश्वरने बिघडवली होती. द्वेषाने नाही, आळसाने नाही, चांगला जीव लावून बिघडवली होती. आणि भिंत पाडण्याआधी तिच्याविषयी चार शब्द बोलायला गावाने गुरुवारच्या जाहीर सभेत बोलावलं होतं तेही मोरेश्वरलाच. तो गप्प राहिला तर त्याची अब्रू शाबूत राहणार होती आणि कधीच मरून गेलेल्या शंभर-सव्वाशे उपाशी माणसांची जाणार होती. बोलला तर उलटं होणार होतं.

लॅमर्ट्स मिल हे ओहायोतलं सहा हजार वस्तीचं गाव. ओहायोतल्याच डब्लिनपासून गाडीने तासभर. डब्लिनला मराठी मंडळ, किराणा, गणपती, ढोल सगळं आहे. लॅमर्ट्स मिलमध्ये एक पेट्रोल पंप, तीन चर्चं आणि काळोखे. मोरेश्वर इथे नव्वद साली गावाचा इंजिनिअर म्हणून लागला. मुलाखतीच्या दिवशी तो वेळ काढायला नदीवर गेला आणि तिथेच अडकला. रेतीच्या पिवळसर दगडाची भिंत, तिला लागून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या बावीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायला ओटे. गाव त्याला नुसतं 'द स्टेप्स' म्हणायचं. मोरेश्वरने संध्याकाळी नीलाला फोनवर सांगितलं, "अगं, इथे घाट आहे." तेव्हापासून काळोख्यांच्या घरात तो घाटच.

घाटाच्या कोपऱ्यावर पितळी पाटी होती. १९३६-३७. त्या वर्षांत गावाची दगडखाण बंद पडलेली, अर्धी गिरणी बंद, माणसं पावासाठी रांगेत. मग सरकारने काम काढलं. खाणीतले बेकार पाथरवट, गवंडी, शेतावरून हाकललेले गडी, शाळा सोडलेले तरुण, सगळे त्या भिंतीवर लागले. आणि गावात ज्यांची चूल पेटत होती ते पुलावर उभे राहून म्हणायचे, बघा, फावड्याला टेकून उभे राहायचे पैसे मिळतात यांना.

मोरेश्वरला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तो एकोणीस वर्षांचा होता. औरंगाबादहून इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष करून तो पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावी सुट्टीला आला, तर घराला कडी आणि आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत बसलेली. तोही बसला. दुपारी खायला सुकडी मिळायची. तिथेच हातोडीखाली सापडून आईचं मधलं बोट कायमचं वाकडं झालं. आणि रस्त्याने जाणारे म्हणायचे, दुष्काळी काम हो, हजेरी लावायची आणि सावली शोधायची. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तो तलाव आज पन्नास वर्षांनीही पाणी धरतो. म्हणणारे कुठे गेले कोणास ठाऊक.

म्हणून त्याने या घाटावर माया केली. बजेटच्या प्रत्येक बैठकीत तो घाटासाठी भांडला. पोरीला, अनिकाला, त्याच पायऱ्यांवर पोहायला शिकवलं. दर दसऱ्याला सगळ्यात वरच्या पायरीवर दोन झेंडूची फुलं ठेवून यायचा. गावातल्या लोकांना ते इंडियन काहीतरी असतं एवढं माहीत होतं, आणि त्यांना ते आवडायचंही.

दोन हजार चार साली त्याला घाटाच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली. चौदा वर्षांचा हट्ट पुरा झाला. दगडांमधल्या दरजा पोकळ झाल्या होत्या, जुना चुना बोटाने उकरला तरी पडत होता. मोरेश्वरने ठरवलं, सगळ्या दरजा खरवडायच्या आणि उत्तम प्रतीच्या सिमेंटने भरायच्या. अशा भरायच्या की पुन्हा शंभर वर्षं बघायला नको. त्याच्या पिढीच्या इंजिनिअरला सिमेंट म्हणजे देवाचा प्रसाद. चुना म्हणजे किल्ले, गरिबी आणि आजोबा.

कामाच्या पहिल्याच दिवशी एक म्हातारा घडीची खुर्ची घेऊन येऊन बसला. वॉल्टर प्रूइट. वय सत्त्याऐंशी. छत्तीस साली एकोणीस वर्षांचा असताना त्याने या भिंतीवर चुना मळला होता. त्या सगळ्या माणसांतला तो एकटाच उरला होता. एकोणीस वर्षांचा! मोरेश्वरला ते ऐकून भरून आलं. नीलाने त्याच दिवसापासून थर्मासात दोघांचा चहा द्यायला सुरुवात केली. आले घातलेला तो चहा वॉल्टर डोळे मिटून प्यायचा. मोरेश्वर घरी त्याला वॉल्टरकाका म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी वॉल्टरने कामाकडे बघून सांगितलं, "मो, हे फार कडक आहे. हा दगड मऊ आहे. भिंतीला घाम येतो तो सांध्यातून बाहेर पडतो. सांधे असे बंद केलेस तर घाम जाईल कुठे?"

"येस, वॉल्टर," मोरेश्वर म्हणाला. "व्हेरी गुड पॉइंट." आणि त्याने म्हाताऱ्याच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

पुढच्या आठवड्यात वॉल्टर बादली घेऊन आला. घरी स्वतः भिजवून मुरवलेला चुना, लोण्यासारखा. एवढा एक कोपरा तरी याने भरून बघ म्हणाला. मोरेश्वरने दोन्ही हातांनी बादली घेतली, आभार मानले, वाकून नमस्कारच करायचा राहिला, आणि बादली शेडमध्ये ठेवून दिली. ती तिथेच वाळली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत. हो म्हणायचं, चहा द्यायचा आणि आपल्याला करायचं तेच करायचं. वॉल्टर आणखी दोनदा बोलला. मग खुर्ची घेऊन यायचा बंद झाला. गवंडी म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. मोरेश्वरला मात्र चुटपुट लागली. म्हाताऱ्याचा मान राखला गेला नाही असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याचं म्हणणं राखलं गेलं नाही असं वाटायला हवं होतं, पण ते त्याच्या डोक्यात आलंच नाही.

मान राखायचा एक हुकमी उपाय आपल्यापाशी असतो. काम पुरं झाल्यावर समारंभ ठरला, तेव्हा मोरेश्वर आणि नीला डब्लिनला गेले, मंडळाच्या एकांकडून गावाहून आणलेली नवी कोरी शाल घेतली, किराण्यातून चांगला हलवून पाण्याचा नारळ निवडला. चार जुलैला, बँड वाजत असताना, सगळ्या गावासमोर मोरेश्वरने वॉल्टर प्रूइटच्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं आणि माइकवर सांगितलं, हा घाट या माणसाने आणि याच्या सोबत्यांनी बांधला, माझ्या देशात अशा हातांना आम्ही असा मान देतो. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. वॉल्टर नारळ पोटाशी धरून उभा होता आणि त्याची हनुवटी थरथरत होती. काहीतरी बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, नव्याने भरलेल्या भिंतीकडे बघितलं आणि परत मिटलं. मोरेश्वरला वाटलं, म्हातारा भारावला.

चार वर्षांनी वॉल्टर गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यानंतर घाटावर दगडाचा पहिला पापुद्रा सुटून पडला. मग दर वर्षी पडायला लागले. मोरेश्वरने दगडाला दोष दिला, बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाला दिला, हवामानाला दिला. नऊ वर्षांपूर्वी कोलंबसला जुन्या दगडी बांधकामावर एक दिवसाचं शिबिर होतं. शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर एका भिंतीचा फोटो दाखवला. सांधे जागच्या जागी, तुकतुकीत; दगड मात्र झिजून तीन-तीन बोटं आत गेलेले. बाई म्हणाल्या, हे प्रेमाने केलेलं काम आहे. मऊ दगडात कडक सिमेंट भरलं की पाणी दगडातच कोंडतं, थंडीत गोठतं आणि दगडाचं तोंड फोडून बाहेर येतं. वर्गात हशा पिकला. मोरेश्वरला वाटलं, फोटो आपल्याच घाटाचा आहे. तो दुसऱ्याच कुठल्या गावचा होता.

परत येताना त्याने गाडी घाटावर नेली आणि ताटाएवढा एक पापुद्रा उचलला. मागचा दगड ओला होता, हाताला वाळू लागत होती. तो पायरीवर बसला आणि खरवडून काढलेल्या त्या सगळ्या जुन्या चुन्याची त्याला आठवण झाली. शेडमधली बादली आठवली. करायला गेला गणपती आणि झालं माकड. तो रडला. नीलाखेरीज कोणाला हे त्याने सांगितलं नाही. निवृत्तीच्या दिवशी गावाने त्याच्या नावाचं एक बाक घाटावर बसवलं, तेव्हाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता ते एकेचाळिसावं पान.

बुधवारी अनिकाचा पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून फोन आला. ती तिथे औषधांच्या कंपनीत आहे. "बाबा, तू का स्वतःला पनिश करतोयस? नोबडी इज आस्किंग. भिंत तशीही पाडणारच आहेत ना?"

"पाडू देत गं. पण ते कागदावर काय लिहितायत बघ. फावड्याला टेकणारे."

"ते लोक डेड आहेत, बाबा."

"माझी आईपण डेड आहे," मोरेश्वर म्हणाला. अनिका म्हणाली, "ओके. मग बोल."

गुरुवारी संध्याकाळी तो सूट घालून वाचनालयाच्या हॉलमध्ये गेला. नीला शेजारी. हॉल भरलेला होता. त्याच्या हाताखाली काम केलेले लोक, अनिकाच्या शाळेतल्या बाई. दुसऱ्या रांगेत वॉल्टरची मुलगी लोरेन बसली होती, आता तीच ऐंशीची. अध्यक्षबाईंनी मोरेश्वरची ओळख करून देताना तो नसता तर हा घाट केव्हाच गेला असता असं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

मोरेश्वरने माइक धरला. त्याने जपून, एकेक शब्द मोजून सांगितलं. ज्यांनी ही भिंत बांधली त्यांचं काम उत्तम होतं. ते अकुशल नव्हते, ते उपाशी होते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भिंत सदुसष्ट वर्षं टिकली आणि मी वीस वर्षांत ती मारली. मी चुकीचा माल वापरला. वॉल्टर प्रूइटने मला तीनदा बजावलं होतं. मी त्याला चहा दिला, शाल दिली, पण त्याचं ऐकलं नाही. एकेचाळिसाव्या पानावर त्यांच्या जागी माझं नाव लिहा. बरोबर त्याने सहीचं चार पानी निवेदन आणलं होतं, फोटो आणि आकृत्यांसह. ते त्याने टेबलावर ठेवलं.

कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला.

अध्यक्षबाईंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "हे अगदी आपल्या मोसारखं झालं. चौतीस वर्षं आपण ह्याची नम्रता बघतोय. आज दुसऱ्यांच्या चुकाही हा स्वतःच्या अंगावर घेतोय." अहवालवाले तज्ज्ञ, ज्यांनी ड्रोन उडवून भिंत बघितली होती आणि हाताने एकदाही चाचपली नव्हती, ते उठून त्याचा हात दाबून गेले. मो, एवढं मनाला लावून घेऊ नका, त्या काळच्या लोकांकडून आणखी काय अपेक्षा करणार.

"नो, नो," मोरेश्वर माइकशिवाय म्हणत राहिला, "आय ॲम नॉट बीइंग हम्बल." लोकांना तेही नम्रच वाटलं. आयुष्यभर ज्याने प्रत्येकाला व्हेरी गुड पॉइंट म्हटलं, त्याचं खरं आता कोण ऐकणार? मतदान झालं. भिंत पाडायचं एकमताने ठरलं. मोरेश्वरचं निवेदन अहवालाच्या शेवटी 'नागरिकांच्या सद्भावना' या सदराखाली जोडलं गेलं. एकेचाळिसावं पान होतं तसंच राहिलं.

शनिवारी सकाळी लोरेन घरी आली. हातात कापडी पिशवी. नीलाने तिला बसवलं, आले घालून चहा केला. लोरेनने पेला हातात धरला आणि म्हणाली, "डॅड या चहाबद्दल फार बोलायचे." मग तिने मोरेश्वरकडे बघितलं. "परवा मला तुझं पटलं होतं. हॉलमध्ये बहुतेक माझ्या एकटीलाच पटलं. कारण डॅडना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच वसंतात ते स्टेप्सवर जाऊन आले. घरी येऊन म्हणाले, दगड ओले आहेत आणि सांधे कोरडे. उलटं व्हायला हवं. म्हणाले, या भिंतीचं तोंड जाणार आता. मी म्हटलं, मग मोला सांगा. तर ते म्हणाले, नाही."

मोरेश्वरने पेला खाली ठेवला. पहिला वसंत. तेव्हा एकही दगड फुटला नव्हता. दरजा पुन्हा खरवडून काढता आल्या असत्या. सगळं जसंच्या तसं वाचलं असतं.

"का नाही?" त्याने विचारलं.

"शाल," लोरेन म्हणाली. "म्हणाले, आम्हाला या गावाने अडुसष्ट वर्षांत एकदाही कामकरी म्हटलं नाही. आळशीच म्हटलं. त्या माणसाने सगळ्या गावासमोर माझ्या खांद्यावर शाल घातली. आता मी जाऊन त्याला, तुझं काम चुकलं, असं सांगू? ते होणार नाही माझ्याच्याने. शेवटची चार वर्षं ते तीच शाल पांघरून खिडकीत बसायचे. तिच्यातच पुरलं त्यांना."

मोरेश्वर खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणजे ज्या दिवशी आपण त्या माणसाचा मान केला, त्याच दिवशी आपण त्याचं तोंड बंद केलं. सांधे सिमेंटने भरले आणि उरलेली एक फट शालीने. नीलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली त्याची पाठ हलत होती.

लोरेनने पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. नारळ होता. वीस वर्षांत वाळून काळपट पडलेला, पण पुसून पुसून चकचकीत झालेला.

"फायरप्लेसच्या वर असतो आमच्या," ती म्हणाली. "दर रविवारी डॅड तो पुसायचे. आता मी पुसते. पण मला नेहमी विचारायचं होतं, याचं खरं काय करायचं असतं? आम्ही बरोबर केलं ना?"

मोरेश्वरने नारळ हातात घेतला. सवयीने कानाशी नेऊन हलवला. पाणी केव्हाच आटलं होतं. आत सुटलेली वाटी खडखडली. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, सत्काराचा नारळ दुसऱ्या दिवशी फोडायचा, खोबरं वाटायचं, उरलेल्याची चटणी करायची. त्याने नीलाकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"हो," तो म्हणाला. "जपून ठेवायचा असतो. तुमच्या वडिलांनी अगदी बरोबर केलं."

लोरेनचा चेहरा उजळला. जाताना तिने मोरेश्वरला मिठी मारली, नारळ पिशवीत न घालता छातीशी धरला आणि सावकाश पायऱ्या उतरून गाडीपाशी गेली.

"अहो, आत्ताच एवढं ऐकलंत," नीला दारात उभी राहून हळूच म्हणाली, "आणि तिला खरं का नाही सांगितलंत?"

मोरेश्वरने गाडीकडे बघून हात हलवला. लोरेन शेजारच्या सीटवर नारळ ठेवून त्याला पट्टा लावत होती.

"नाही होणार माझ्याच्याने," तो म्हणाला.